एनव्हीडीए स्क्रीन रीडर: नऊ वर्षांच्या रोजच्या वापरानंतर

दिवाळीनंतर एक दिवस आमच्या ऑफिसातले शिपाईमामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “मॅडम, पोरीसाठी एक मशीन बघितलंय. चष्म्याला लावायचं, समोरचं सगळं वाचून दाखवतं. ९५ हजार सांगतायत. पतपेढीतून कर्ज काढू का?”

पोरगी वीस वर्षांची, एस. वाय. बी. ए.ला, इतिहास घेऊन. तिला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. मलाही तोच. आधी संध्याकाळनंतर चाचपडायला होतं, मग कडेचं दिसेनासं होतं आणि नजर हळूहळू नळीतून बघितल्यासारखी होत जाते. माझं वाचण्यापुरतं दिसणं ३१व्या वर्षी संपलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ऑफिसात मी आस्थापनेचं टेबल बघते आणि सगळं काम एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर करते. मामांना म्हटलं, कर्जाच्या अर्जावर अजून सही करू नका. रविवारी पोरीला घरी घेऊन या, आणि ती आठवडाभर जे जे वाचते ते सगळं पिशवीत भरून आणा.

पिशवीत निघालं ते असं: इतिहासाच्या नोट्सच्या झेरॉक्स, त्यातल्या बऱ्याचशा हातानं लिहिलेल्या. बँकेचं पासबुक. कॉलेजची परीक्षेची नोटीस. एका गोळीची स्ट्रिप. पेन ड्राइव्हवर सरांनी दिलेल्या काही फाइल्स. आणि मोबाइल, ज्यावर वर्गाच्या ग्रुपमध्ये दिवसाला पन्नासेक मेसेज. मी विचारलं, दुकानात त्या चष्म्यानं यातलं काय वाचून दाखवलं? काहीच नाही. दुकानातलंच इंग्रजी छापील कार्ड वाचलं होतं, ते मात्र झकास. दुसऱ्या दिवशी मामा नोट्सची पानं घेऊन परत गेले. हाताच्या मराठी अक्षरावर यंत्र अडखळलं, पासबुकातल्या फिकट ओळींवर गप्प झालं. दुकानदार म्हणाला, अपडेट येईल. ९५ हजार रुपये ‘येईल’वर द्यायचे नसतात.

दुसरी गोष्ट मी बघितली ती तिची उरलेली नजर. घरच्यांचा समज होता की अक्षर मोठं केलं की झालं. आमच्या आजारात ते बरेचदा उलटं पडतं. दिसणारा तुकडाच लहान असतो, अक्षर दुप्पट केलं की त्या तुकड्यात निम्मीच अक्षरं मावतात आणि ओळ सापडेनाशी होते. विंडोजचा मॅग्निफायर लावून बघितला, दीडपटीच्या पुढे तिची वाचायची गती पडायला लागली. रंग उलटे केले, काळ्यावर पांढरं, तसा तिला लगेच आराम पडला. ते आम्ही ठेवलं. पण दहा मिनिटांत तिचं डोकं दुखायला लागलं आणि परीक्षेचा अभ्यास तासन्‌तास असतो. म्हणून कानानं वाचायला शिकायचं ठरलं, नजर थोडी शिल्लक आहे तोवरच.

आता एनव्हीडीएबद्दल. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेमी टेह या दोन अंध मुलांनी २००६ साली ते करायला घेतलं. पूर्ण मोफत आहे, विंडोजवर चालतं, पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताही चालतं. कॉलेजच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते, तिथे हा पेन ड्राइव्ह खिशात असला की कुणाची विनवणी करावी लागत नाही. पडद्यावर जे आहे ते आवाजात सांगायचं आणि माऊसचं सगळं काम कीबोर्डवरून करू द्यायचं, हे त्याचं काम. वेबपेजवर एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक, टी दाबलं की तक्ता. कंट्रोल दाबलं की बोलणं बंद. इन्सर्ट आणि १ दाबलं की कीबोर्ड शिकण्याची अवस्था सुरू होते. कुठलंही बटण दाबा, ते काय करतं एवढंच सांगतं, प्रत्यक्षात काही करत नाही. नव्या माणसाची भीती घालवायला यासारखं दुसरं काही नाही.

मराठी टायपिंगला मी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणीच सांगते. उच्चारावरून टाइप होणारे कीबोर्ड डोळसांना सोपे वाटतात, पण त्यात बरेचदा पर्यायांच्या यादीतून शब्द निवडत बसावं लागतं. इनस्क्रिप्टमध्ये एका बटणाला एक चिन्ह, संपलं. एफ आणि जेवर बारीक उंचवटा असतो, तर्जन्या तिथे टेकवायच्या. जेवर र, केवर क, एलवर त, एचवर प, आणि डीवर पाय मोडायचं चिन्ह. मी तिला म्हटलं, एच, एल, डी, जे. तिनं चार बटणं दाबली. एनव्हीडीए प्रत्येक अक्षर बोलत गेलं, मग स्पेस दाबल्यावर सगळा शब्द बोललं: पत्र. बोटं मधल्या ओळीवरून हलली नव्हती. मग ती स्वतःच शोधत बसली. चित्र. कुत्रे. “ताई, हे सगळं एकाच ओळीत आहे!” मामा दाराशी उभे होते, त्यांनी हळूच चप्पल काढली आणि आत येऊन बसले. तोवर ते उंबऱ्याबाहेरच होते.

आवाजाबद्दल मात्र आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक पहिल्याच दिवशी बंद करतात. एनव्हीडीएबरोबर ईस्पीक नावाचं बोलणारं इंजिन येतं, त्यात मराठी आहे. आवाज यंत्राचा आहे, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. माणसासारखे आवाज हवे असतील तर पैसे देऊन वेगळे घेता येतात. मी घेतले नाहीत, कारण हा कोरडा आवाज कितीही वेगात लावला तरी अक्षर तुटत नाही, आणि बटण दाबल्याक्षणी बोलतो. मधे इंग्रजी शब्द आला तर इंग्रजीत वाचून परत मराठीत येतो. आमच्या पत्रांमध्ये अर्धे शब्द तसेच असतात, त्यामुळे हे फार उपयोगी पडतं. मराठीत च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिपीत त्याची खूण नाही. चमचा आणि चंद्र यांतला फरक आपण सवयीनं करतो, यंत्राकडून तशी अपेक्षा धरू नका. पंधरा दिवसांत कान आपोआप दुरुस्त करून घेतो. ऱ्हस्व-दीर्घ ओळखायला कान पुरत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ ऐकून सारखेच. तिथे नंबरपॅडवरचा ५ दोनदा दाबायचा, शब्द सुटा करून वाचला जातो. वरिष्ठांकडे जाणारं प्रत्येक पत्र मी एकदा असं चाळते.

म्हणूनच नंबरपॅड असलेला कीबोर्ड घ्या. बऱ्याच लॅपटॉपला तो नसतो. बाहेरून जोडायचा साधा कीबोर्ड आम्हाला ४५० रुपयांना मिळाला.

एक्सेलमध्ये तर मला डोळ्यांची उणीव जाणवत नाही, हे मनापासून सांगते. कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता यादी असते, तीनशे ओळी, अकरा रकाने. रकान्यांच्या शीर्षकांच्या ओळीत पहिल्या घरावर जाऊन इन्सर्ट, शिफ्ट आणि सी दाबलं की एनव्हीडीए ती शीर्षकं लक्षात ठेवतं. मग २१४व्या ओळीत उजवीकडे सरकताना नुसती तारीख येत नाही, ‘नियुक्तीचा दिनांक’ असं आधी म्हणून मग तारीख येते. त्या यादीतली एका शिक्षकाची चुकलेली जन्मतारीख चार वर्षं कुणाच्या नजरेला आली नव्हती, ती मला ऐकताना सापडली.

आता अडतं कुठे ते. सगळ्यात मोठी अडचण सॉफ्टवेअरची नाहीच, आपल्या फाइल्सची आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी हे खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्यांची चित्रं देवनागरी दिसतात. डोळ्यांना ‘शासन’ दिसतं, आणि फाइलमध्ये असतं एक अवतरणचिन्ह आणि के, के, एल, यू. एनव्हीडीए प्रामाणिकपणे तेच वाचतं. अशी दहा पानं ऐकताना वाटतं की आपलं काहीतरी बिघडलंय. पोरीच्या पेन ड्राइव्हवरची पहिलीच फाइल तशी निघाली. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण बटणांवरची बोटं थांबली ते ऐकू आलं. मी सांगितलं, इन्सर्ट आणि एफ दाब. एनव्हीडीएनं फॉन्टचं नाव सांगितलं. म्हटलं, बघ, तुझं काही चुकलेलं नाही, फाइल युनिकोडमध्ये नाही, म्हणजे तिच्यात खरी देवनागरी अक्षरंच नाहीत. असे फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, ते वापरले की नव्वद टक्के काम होतं. जोडाक्षरं आणि रफार मात्र तपासून घ्यावे लागतात.

स्कॅन करून टाकलेल्या पीडीएफ ही दुसरी अडचण. ते चित्र असतं, त्यात वाचायला अक्षरच नाही. त्या मी गुगल ड्राइव्हवर चढवते आणि गुगल डॉक्समध्ये उघडते, मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी सुटून येतो. तक्ते विस्कटतात. हातानं लिहिलेल्या नोट्सना यानं भागत नाही, त्याला माणूसच हवा. म्हणून पोरीच्या दोन मैत्रिणींना मी सांगितलं की झेरॉक्स काढून देण्याऐवजी रोज दोन पानं मोबाइलवर मराठीत बोलून टाइप करा आणि पाठवा. एकमेकींची उजळणीही होते.

पिशवीतल्या उरलेल्या गोष्टी मोबाइलनं सोडवल्या. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, म्हणजे मोबाइलचा पडदा बोलून दाखवणारी सोय, आधीपासूनच असतं. बोट सरकवत ऐकायचं, दोनदा टकटक केलं की उघडतं. ग्रुपचे मेसेज तिला आठवडाभरात जमले. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं ॲप आहे, १ जानेवारी २०२० पासून, आणि ते इंटरनेटशिवाय चालतं. दुकानात दर वेळी मोबाइल काढणं नको वाटतं. नव्या २०० आणि ५०० च्या नोटांच्या लांबीत फक्त ४ मिलिमीटरचा फरक आहे, मी ५०० ची घडी आडवी घालून वेगळ्या कप्प्यात ठेवते. गोळ्यांच्या स्ट्रिपना घरीच रबरबँड लावायचे ठरले, सकाळच्या स्ट्रिपला एक, रात्रीच्या स्ट्रिपला दोन.

जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरबद्दल लोक विचारतात. चांगलं आहे, मी प्रशिक्षणात वापरलंय, मोठ्या कंपन्यांच्या अवघड सॉफ्टवेअरमध्ये काही ठिकाणी जास्त सोयीचं पडतं. पण ते विकत घ्यावं लागतं. नोंदणी न करता चालवलं तर ४० मिनिटांनी थांबतं आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागतो. ऑफिस घेऊन देत असेल तर जरूर घ्या. विद्यार्थ्यानं स्वतःच्या खिशातून आधी ते घ्यावं असं मला वाटत नाही.

खर्च सांगते. एसएसडी (वेगानं चालणारी डिस्क) असलेला जुना लॅपटॉप १८ हजार, कीबोर्ड ४५०, हेडफोन ६००. एसएसडीवर मी अडून बसले, कारण लॅपटॉप रखडला की आवाजही रखडतो आणि नवा माणूस तेच बटण परत परत दाबत बसतो. राहिलेल्या पैशांतून मामांनी तिला पांढरी काठी घेऊन चालायचं प्रशिक्षण द्यावं, असं मी तीनदा सांगितलंय. घरच्यांना काठी अजून लाजेची वाटते. संध्याकाळी सहानंतर ती एकटी घराबाहेर पडत नाही, आणि यावर कुठलंच सॉफ्टवेअर उपाय नाही. सरकारच्या एडिप योजनेतून सहायक साधनं मिळतात, त्यासाठी तिच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं काम आता सुरू आहे.

शिकायला वेळ लागतो. आम्ही रोज संध्याकाळी पाऊण तास बसलो, सहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात ती रडली, म्हणाली मला हे जमणार नाही. मलाही तिसऱ्याच आठवड्यात तसं झालं होतं. तेव्हा मला शिकवणाऱ्या बाई काही न बोलता शेजारी बसून राहिल्या होत्या, तशीच मी बसले. तुमच्या जवळ कुणी शिकवणारं नसेल तर खरेदीच्या आधी ते शोधा. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर आहे, आणि वरळीला नॅब या अंधांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं मोठं काम आहे. आधी फोन करून जा, आणि आपल्या कागदांची पिशवी बरोबर न्या. वाचायला पुस्तकं हवी असतील तर २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवता येतं.

मागच्या आठवड्यात तिनं सरांच्या नव्या फाइलवर स्वतःच इन्सर्ट आणि एफ दाबलं, फॉन्टचं नाव ऐकलं आणि सरांना मेल केला की मला हे युनिकोडमध्ये द्याल का. मेल मराठीत, इनस्क्रिप्टमध्ये, स्वतः टाइप केलेला. सरांनी दोन दिवसांत पाठवलं. त्यातले तीन तक्ते अजून चित्रातच आहेत, ते शनिवारी आम्ही दोघी तिच्या मैत्रिणीकडून वाचून घेऊन एक्सेलमध्ये भरणार आहोत.