म्युटंट रोपांसाठी कोणता मार्कर: आरएपीडी, आयएसएसआर, एसएसआर की सिक्वेन्सिंग?

बियाण्याला गॅमा किरण किंवा ईएमएस (डीएनएत बदल घडवणारं रसायन) देऊन तयार केलेली म्युटंट रोपं मूळ वाणापासून किती वेगळी झाली हे पाहायचं म्हटलं की हात आधी आरएपीडी या मार्करकडे (डीएनएतला फरक दाखवणाऱ्या खुणेकडे) जातो: छोटे प्रायमर डीएनएवर चिकटवायचे, मधला डीएनए पीसीआरने वाढवायचा आणि जेलवर उमटलेले पट्टे पाहायचे. स्वस्त, दहा बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) तयार प्रायमर, जनुकक्रम माहीत नसला तरी चालतं. पण प्रायमर ३६ अंशांच्या आसपास चिकटवावा लागतो, मग तो अर्धवट जुळणाऱ्या जागीही बसतो आणि पीसीआर मशीन बदललं की पट्टे बदलतात. आयएसएसआरचे (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्त क्रमांवर बसणारे) प्रायमर लांब, तापमान चढं, म्हणून पट्टे जास्त भरवशाचे. दोन्हींत विषमयुग्मी (जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या असलेलं) रोप मात्र वेगळं ओळखू येत नाही, आणि एम२ पिढीत (मात्रा दिलेल्या बियाण्यापासूनच्या दुसऱ्या पिढीत) नेमकी तीच रोपं भरपूर असतात.

यापेक्षा मोठी अडचण साध्या हिशेबात आहे. ईएमएसमुळे मुख्यतः सुटे बेस बदलतात, जी-सी जोडीची ए-टी होते. आरएपीडीचा एक पट्टा म्हणजे दोन टोकांचे मिळून २० बेस तपासले. १०० पट्टे मोजले तरी २,०००. भाताचा सगळा डीएनए, म्हणजे जीनोमच, सुमारे ४० कोटी बेसचा! तेव्हा ईएमएसच्या रोपांत ३०-४० टक्के पट्टे वेगळे दिसले तर आनंद नको, संशय हवा: बियाण्यात भेसळ, परका पराग, नाहीतर पीसीआरचा खोडसाळपणा. गॅमा किरणांनी डीएनएचे तुकडे गळतात, तिथे पट्टा नाहीसा होण्याची शक्यता थोडी जास्त, इतकंच.

एसएसआर (पुनरावृत्त क्रमांच्या लांबीतला फरक दाखवणारा मार्कर) विविधता शोधायला फारसा कामाचा नाही, पण राखणदार म्हणून मी पहिला पैसा त्यावरच घालेन. खरा म्युटंट जवळजवळ प्रत्येक एसएसआरला मूळ वाणाशी जुळतो. एकदम बऱ्याच ठिकाणी फरक आला, तर ते रोप बहुधा संकराचं. तुमच्या पिकाचे प्रायमर उपलब्ध हवेत, एवढीच अट.

बदललेलं जनुकच हवं असेल तर सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएचे बेस थेट वाचण्याला, पर्याय नाही. २०१२ मध्ये भातात दाखवलेल्या म्युटमॅपमध्ये म्युटंटचा मूळ वाणाशीच संकर करतात, एफ२ मधल्या (संकराच्या दुसऱ्या पिढीतल्या) म्युटंट गुणाच्या रोपांचा डीएनए एकत्र वाचतात आणि सगळ्यांत सारखा आलेला बदल शोधतात. जीबीएस या प्रकारचं सिक्वेन्सिंग स्वस्त पडतं, पण जीनोमचा थोडाच भाग वाचतं. नेमका बदल निसटण्याचीच शक्यता जास्त. जनुक आधीच ठाऊक असेल, तर टिलिंग (त्याच जनुकातले बदल अनेक रोपांत शोधण्याची पद्धत).

पद्धत कुठलीही घ्या, एम१ ची (मात्रा दिलेल्या बियाण्यातून थेट उगवलेल्या रोपांची) पानं वापरू नका. एकाच रोपाच्या दोन फांद्यांत वेगवेगळे बदल असतात. आणि तुलनेला मूळ वाण ज्या बियाण्याला मात्रा दिली त्याच लॉटमधला घ्या.