मोटरक्राफ्ट 2100 कार्बोरेटरचं रिबिल्ड किट: जुन्या फोर्ड एफ-100 पिकअपसाठी घ्यावं का?

घ्यावं. मात्र पुडी फोडली, जुनं काढून नवं बसवलं आणि काम झालं, इतकं ते सरळ नाही. या किटमधल्या दोन वस्तूंवर सगळा खेळ आहे: पॉवर व्हॉल्व्ह (ओझ्यावर जास्तीचं पेट्रोल सोडणारा) आणि कार्बोरेटरमधल्या पंपाचं रबर (थ्रॉटल दाबताच पेट्रोलची धार मारणाऱ्या). नेमका त्यांचाच दर्जा किटागणिक बदलतो. बाकी कागदी पॅकिंग, सुई-सीट (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी जोडी) वगैरे माल बहुतेक किटमध्ये चालण्यासारखा असतो.

अमेरिकेत एखादा 1968 ते 1974च्या दरम्यानचा एफ-100 अंगणात उभा असेल आणि इंजिन व्ही-8 असेल, तर त्यावर टू-बॅरल, म्हणजे दोन नरड्यांचा 2100 असण्याची शक्यता मोठी. आधीच्या कार्बोरेटरांवर ऑटोलाइट हे नाव दिसतं, नंतरच्यांवर मोटरक्राफ्ट, रचना एकच. जुन्या गाडीवर शिकायला याच्याइतका सरळ कार्बोरेटर क्वचितच मिळेल. थ्रॉटल बॉडी आणि फ्लोटची वाटी एकाच ओतकामात आहेत, त्यामुळे वरचं झाकण म्हणजे एअर हॉर्न आणि बॉडी यांच्यामध्ये एकच मोठं पॅकिंग येतं. लीक व्हायच्या जागाच कमी. शिवाय कार्बोरेटर इंजिनावरून न उतरवता झाकण उचलून फ्लोट आणि पेट्रोलची पातळी बघता येते. जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) बदलायचे असले तरी तेवढंच उघडावं लागतं.

किट मागवण्याआधी दोन गोष्टी टिपून ठेवा. झाकणाच्या एका स्क्रूखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर कार्बोरेटरचा नंबर असतो. तो डी-2-टी असा सुरू होत असेल तर डी म्हणजे 1970चं दशक, 2 म्हणजे 1972 आणि टी म्हणजे ट्रक. दुसरी गोष्ट म्हणजे वाटीच्या बाहेरच्या बाजूला ओतलेला 1.08, 1.14, 1.21 असा आकडा. तो व्हेंच्युरीचा, म्हणजे नरड्यातल्या अरुंद भागाचा व्यास आहे, इंचात. पन्नास वर्षांत अनेक गाड्यांवर दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर चढलेला असतो, म्हणून गाडीच्या वर्षावरून किट मागवू नका, पट्टीवरून मागवा. पट्टी हरवली असेल तर हा आकडा आणि चोकचा प्रकार दुकानदाराला सांगा. काम करताना ही पट्टी स्क्रूसकट एका डबीत टाका आणि परत त्याच जागी लावा.

खोलायच्या आधी बाकीच्या गोष्टी तपासा, कारण कार्बोरेटरच्या नावावर खपणारे निम्मे दोष इग्निशनचे निघतात. पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग आधी बघा. मग मॅनिफोल्डला (कार्बोरेटरखालून मिश्रण इंजिनात नेणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम गेज लावा. ठणठणीत इंजिन स्लोला (आयडलवर) पाऱ्याच्या 17 ते 21 इंचाच्या आसपास काटा स्थिर ठेवतं. काटा थरथरत असेल तर कार्बोरेटरला हात लावण्यात अर्थ नाही. पेट्रोल पंपाचा दाब 4 ते 6 पीएसआयच्या पट्ट्यात हवा. कुणी जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला असेल, तर कितीही नवी सुई टाका, ती उचलली जाऊन पेट्रोल ओव्हर होत राहणारच.

आता किटमधला माल. सुई आणि सीट जोडीनेच बदला; नव्या सुईला जुनी सीट कधीच नीट मानवत नाही. सुईच्या टोकाला रबरी थर असतो, त्यावर बोटाने अलगद फिरवून बघा, कडा उठलेली नसावी. सीटखालचं बारीक पॅकिंग विसरलं की आट्यांमधून पेट्रोल झिरपतं आणि दोष फ्लोटवर जातो. फ्लोट बहुतेक किटमध्ये येत नाही. जुना पितळी असेल तर कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल शिरलं असेल तर डुचमळ ऐकू येते. शंका असली तर वाफाळत्या पाण्यात बुडवून धरा. आतली हवा तापते आणि सांध्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघते. असा फ्लोट डाग देऊन वाचवण्यापेक्षा नवा घ्या, कारण कथिलाचं वजन वाढलं की पातळी चढते.

पातळी किटसोबतच्या कागदी मापाने लावतात. झाकण आणि पॅकिंग काढून, फ्लोट वर उचलून सुई सीटला टेकली की बॉडीच्या घासलेल्या वरच्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या मोकळ्या टोकाच्या माथ्यापर्यंत साधारण 7/16 इंच अंतर हवं. तुमच्या पट्टीच्या नंबरला वेगळं माप असू शकतं, तेव्हा किटमधल्या तक्त्यातली ओळ बघूनच धरा. हे झालं कोरडं माप. खरं माप ओलं: इंजिन गरम करून, सपाट जागी बंद करून, झाकण उचलून त्याच पृष्ठभागापासून पेट्रोलच्या पातळीपर्यंत मोजा. ते पाऊण इंचाच्या आसपास यायला हवं. कोरडं माप बरोबर आणि ओलं चुकीचं आलं तर ओल्यावर विश्वास ठेवा आणि फ्लोटची जीभ केसभर वाकवा. वाकवताना जीभ सुईवर दाबू नका, रबरी टोकाला खाच पडते.

पॉवर व्हॉल्व्ह बॉडीच्या खालच्या बाजूला, चार स्क्रूंच्या छोट्या झाकणाखाली असतो. मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम त्याला ओढून बंद ठेवतो. चढावर किंवा ओझ्यावर व्हॅक्यूम पडला की स्प्रिंग त्याला उघडते आणि जास्तीचं पेट्रोल मिळतं. डायफ्रॅम फाटला की स्लोलाच पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं: काळा धूर, काळे प्लग, पेट्रोलचा उग्र वास, आणि मिश्रणाचे स्क्रू पूर्ण आत घातले तरी इंजिन बंद पडत नाही. ही शेवटची खूण लक्षात ठेवा. मिश्रणाच्या स्क्रूंना इंजिन दाद देत नसेल तर पहिला संशय या व्हॉल्व्हवर.

आणि म्हणूनच नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी तपासा, पुडीतून आत्ता काढलेला असला तरी. हाताचा व्हॅक्यूम पंप आणि रबरी नळीचा तुकडा डायफ्रॅमच्या बाजूला घट्ट लावा, ओढा आणि मिनिटभर थांबा. काटा जागचा हलता कामा नये. हळूहळू उतरत असेल तर तो व्हॉल्व्ह फेका. दोन मिनिटांच्या या कामाने पुढचा पूर्ण दिवस वाचतो. व्हॉल्व्ह एक इंची पान्याने काढा-घाला आणि ताकद आवरा. आटे ओतीव बॉडीत आहेत. खालच्या झाकणाची पॅकिंग किटमध्ये दोन-तीन आकारांची येतात, कारण एकच किट अनेक वर्षांच्या मॉडेलांना चालवतात. जुनं पॅकिंग टाकून देण्याआधी नव्यावर ठेवून भोकं जुळवा. हीच काळजी झाकणाच्या मोठ्या पॅकिंगलाही लागू.

कार्बोरेटरमधल्या पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं रबर, पुढच्या बाजूला, चार स्क्रूंच्या कव्हरमागे आहे. त्यामागे स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या मागे छत्रीसारखा छोटा रबरी व्हॉल्व्ह. या छत्रीला लांब शेपटी असते. ती भोकातून वाटीत ओढायची, छत्री टक्क बसली की आतल्या बाजूने शेपूट कापायची. न कापता ठेवली तर ती फ्लोटला आडवी येते, आणि चुकून गाठीच्या आत कापली तर छत्री निखळते. कव्हरचे स्क्रू शेवटचे आवळण्याआधी पंपाची दांडी पूर्ण दाबून धरा, म्हणजे डायफ्रॅम ताणून फाटत नाही. थ्रॉटलच्या बाजूला ही दांडी ज्या छिद्रात असते तिथे चार छिद्रं आहेत; जुनं कुठलं होतं त्यावर रंगाचा ठिपका मारून ठेवा.

मधला बूस्टर एका स्क्रूवर बसतो. तो उचलला की खाली पंपाचं वजन आणि त्याखाली पोलादी गोळी असते. परत घालताना आधी गोळी, मग वजन. इंजिनावरच काम करत असाल तर दोन्ही नरड्यांत कापडाचा बोळा कोंबा, कारण ही गोळी मॅनिफोल्डमध्ये गेली तर चुंबक घेऊन शोधत बसावं लागतं. हाच बूस्टर स्लोचा मार्गही सांभाळतो. त्यातल्या नळ्यांची भोकं अगदी बारीक असतात. त्यात ड्रिल किंवा पोलादी तार घालू नका, भोक मोठं झालं की परत येत नाही. बिजलीच्या वायरमधला तांब्याचा एक धागा, कार्ब क्लीनर आणि हवा एवढं पुरतं. स्लोला इंजिन वर-खाली घोंघावत असेल तर बहुतेक वेळा इथेच सुकलेल्या पेट्रोलचं वार्निश साठलेलं असतं.

धुण्याबाबत एवढंच की रबर, प्लास्टिक, फ्लोट आणि चोकची स्प्रिंग असलेली टोपी काढल्याशिवाय बॉडी द्रावणात टाकू नका. नंतर प्रत्येक मार्गात हवा मारा, डोळ्यांवर चष्मा लावून. एका भोकात हवा मारली की ती कुठल्या भोकातून निघते ते बघत गेलात तर रचना आपोआप डोक्यात बसते.

किट ज्याला हात लावू शकत नाही अशी एक गोष्ट आहे, आणि विकत घेण्याचा निर्णय तिच्यावरच घ्यावा: थ्रॉटलचा दांडा. तो वर्षानुवर्षं बॉडीतच घासतो. हाताने वर-खाली हलवा. जाणवेल इतका खेळ असेल तर तिथून हवा चोरून आत जाते आणि स्लो कधीच स्थिर होत नाही. इंजिन चालू असताना दांड्याच्या टोकांवर न पेटवलेल्या प्रोपेनची नळी धरली आणि रेस बदलली, की खात्री झाली. अशा बॉडीवर किटचे वीस ते चाळीस डॉलर घालू नका. आधी पितळी बुश बसवून घ्या, नाहीतर चांगल्या दांड्याची दुसरी बॉडी शोधा.

चढवताना खालची नवी पॅकिंग, स्पेसरच्या दोन्ही बाजू साफ, आणि चारही नट कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे करत 12 ते 15 फूट-पौंडांपर्यंत. याहून जास्त आवळलं की तळाची फ्लॅंज वाकते आणि जो लीक बंद करायचा होता तोच तयार होतो. मिश्रणाचे स्क्रू बोटाने हलकेच आत टेकवा, मग दीड फेरा बाहेर. इंजिन गरम झालं, चोक पूर्ण उघडला की गेजवर सगळ्यात जास्त व्हॅक्यूम मिळेपर्यंत दोन्ही स्क्रू सारखेच फिरवा, पाव-पाव फेरा करत.

रस्त्यावर काढण्याआधी पंपाची एक चाचणी. इंजिन बंद, चोक हाताने उघडा, आत बघत थ्रॉटल हलवा. थ्रॉटल हलताक्षणी दोन सरळ, सारख्या धारा निघायला हव्यात. धार उशिरा आली तर छत्री किंवा गोळी नीट बसलेली नाही. एकच धार आली तर बूस्टरचं दुसरं भोक तुंबलंय. धारा चांगल्या असूनही रेस देताच इंजिन गचका खात असेल तर दांडीचं छिद्र बदलून बघा.

जेट किटमध्ये नसतात, आणि बऱ्याचदा लागतही नाहीत. पण अमेरिकेतलं आजचं बहुतेक पेट्रोल दहा टक्के इथेनॉलवालं आहे आणि त्याने मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. गरम इंजिन सपाट रस्त्यावर स्थिर वेगात अडखळत असेल, प्लग पांढरट असतील आणि बाकी सगळं तपासून झालं असेल, तर एक आकडा मोठे जेट घाला. किटसोबत मागवायचंच असेल तर पेट्रोलला चालणारा नवा रबरी होज आणि एक फिल्टर मागवा. जुन्या होजच्या आतून सुटणारे काळे कणच नव्या सुईखाली जाऊन बसतात.