वादळानंतर लावलेला हमिंगबर्ड फीडर : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग पुराण. हमिंगबर्डसाठी फीडर, म्हणजे साखरपाणी ठेवायचं टांगतं भांडं, घ्यायचा असेल तर उलट्या बाटलीचा घेऊ नका, बशीसारखा पसरट मिळतो तो घ्या. आम्ही केटीला राहतो, ह्यूस्टनच्या पश्चिमेला, आणि हा फीडर लावला बेरिल चक्रीवादळ येऊन गेल्यावर, जुलै 2024 मध्ये. तेव्हापासून त्याने इथलं ऊन, सप्टेंबरची पक्ष्यांची गर्दी आणि जानेवारीतला बर्फ सगळं बघून झालंय.

बेरिल 8 जुलैच्या पहाटे टेक्सासच्या किनाऱ्यावर मॅटागोर्डाजवळ धडकलं. तसं कॅटेगरी 1 चंच, म्हणजे हरिकेनमधलं सगळ्यात खालच्या पायरीचं, पण 22 लाखांहून जास्त कनेक्शन्सची लाइट गेली, आमच्याकडेही कित्येक दिवस नव्हती. बॅकयार्डात कुंपण आडवं, ओकची फांदी पॅटिओवर, आणि टर्क्स कॅप, फायरबुश यांची लाल फुलं वाऱ्याने पार ओरबाडून नेलेली, नुसत्या काड्या उरलेल्या. इथल्या हमिंगबर्डचं अर्धं जेवण म्हणजे हीच फुलं. बाकी ते बारीक किडे, कोळी खातात, नुसत्या साखरेवर जगत नाहीत. एक जण आला, फुलं असायची तिथे हवेत थांबला, पुढच्या काडीवर गेला, परत पहिल्या काडीवर आला. ते बघून कसंतरीच झालं, मग दुकानं उघडल्याबरोबर वीसेक डॉलरचा फीडर आणला.

साखरपाणी सोपं आहे, एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. लाइट नसली तरी गॅस काडीने पेटत होता. पाक करायचा नाहीये, साखर विरघळली की बंद. फ्रीज बंद असल्यामुळे एका वेळी एक कप पाणी आणि पाव कप साखर, बस. सासूबाई तेव्हा इथेच होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, मध घाल, नाहीतर गूळ तरी, पांढरी साखर कशाला त्या एवढ्याशा जिवाला?" मी म्हटलं आई, मध पाण्यात पातळ केला की आंबतो, बुरशी धरते, आणि गुळात लोह असतं, ते यांना झेपत नाही. पटलं नाही त्यांना, पण गप्प बसल्या. दुकानातलं लाल पाणी पण नको, फीडरचं झाकण लाल असतं तेवढ्यावर पक्षी येतात.

आता बशीच का? शेजाऱ्यांकडे बाटलीवाला फीडर आहे, तो रोज बघते. उन्हात बाटलीतली हवा तापून फुगते आणि साखरपाणी बाहेर ढकलते, मग ठिबक ठिबक, खाली मुंग्यांची रांग, वर गांधीलमाश्या. बशीत भोकं वरच्या बाजूला आणि पाणी खाली, त्यामुळे वारा आला तरी फारसं सांडत नाही. हमिंगबर्डची जीभ लांब असते, तो आरामात पितो, मधमाशीला मात्र खालपर्यंत पोचता येत नाही. पण काठोकाठ भरलंत तर पोचते, म्हणून अर्धीच भरा. मधोमध मुंग्या अडवायला पाण्याची वाटी आहे, ती उन्हात दुपारपर्यंत कोरडी पडते, सारखी भरावी लागते. काही लोक हुकाला तेल लावा म्हणतात, ते करू नका, पंखांना लागलं तर पक्षी कामातून गेला.

खरं काम धुण्याचं आहे. टेक्सासच्या उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी बदलायचंच, जास्त तापलं तर रोज. गढूळ दिसलं की आंबलं समजा. ही बशी दोन तुकड्यांत सुटते, गरम पाणी आणि व्हिनेगर घालून मिनिटात होते, फक्त भोकांच्या आतल्या कडेला काळे ठिपके धरतात त्याला बारीक ब्रश लागतो. हे जमणार नसेल तर प्लीज फीडर लावूच नका, टर्क्स कॅपची दोन झाडं लावा, त्यात पक्ष्याचंही भलं आणि तुमचंही.

जुलैमध्ये एखाद-दुसराच यायचा, गर्दी झाली ऑगस्टअखेरपासून. रूबी-थ्रोटेड जातीचे हमिंगबर्ड उत्तरेकडून खाली येतात, तीन ग्रॅमचा पक्षी खाऊन खाऊन जवळजवळ दुप्पट होतो आणि त्यातले बरेच मेक्सिकोचं आखात एका दमात, साधारण 800 किलोमीटर, पार करतात. आणि भांडतात किती! एक नर समोरच्या फांदीवर बसून पहारा करायचा, गळा काळाच दिसायचा, मान वळवून ऊन पडलं की एकदम माणकासारखा लाल. दुसरा कोणी आला रे आला की हा सुटलाच त्याच्यामागे. शेवटी दुसरी बशी घराच्या कोपऱ्यापलीकडे टांगली, त्याला न दिसेल अशी, तेव्हा बाकीच्यांना प्यायला मिळालं. सासूबाई म्हणाल्या, हा तर आपला जास्वंदीवरचा शिंजीर. दिसायला थोडं साम्य आहे खरं, पण नातं काही नाही, आणि शिंजीर बहुतेकदा फांदीवर बसून पितो, हा हवेत उभा राहतो. फीडरला बसायला कडं असलं तर मात्र हाही ऐटीत बसून पितो, आमच्या बशीला ते आहे.

फीडर ठेवला तर पक्षी जायचं विसरतात हे खोटं आहे, दिवस लहान झाले की ते निघतातच. नोव्हेंबरमध्ये एक तांबूस आला, बहुतेक रूफस जातीचा हमिंगबर्ड, ते आखाताच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात. 21 जानेवारीला ह्यूस्टनमध्ये चक्क बर्फ पडला. साखरपाणी शून्याच्या जरा खाली गेलं की गोठतं, त्यामुळे रात्री बशी घरात आणि उजाडायच्या आत बाहेर. रात्री ते अंग थंड करून मेल्यासारखे पडून असतात, सकाळी उठल्या उठल्या त्यांना खायला लागतं. हा पठ्ठ्या बर्फात पण आला, पिसं फुगवून बसला आणि बराच वेळ प्यायला.

तक्रार एकच, झाकणाचा लाल रंग उडून गुलाबी झालाय आणि सुटं झाकण मिळत नाही, अख्खा फीडरच घ्या म्हणतात. तेवढ्यासाठी एक स्टार कापते.