जोर्वे घाटाची झारी: तोटी झकास, पायाची भोकं डोकेदुखी

तीन पायांची, बैलतोंडी, जोर्वे घाटाची झारी घेणार असाल तर दुकानात आधी ती उलटी करा आणि पायांची भोकं कुठे आहेत ते बघा. रंग, रेघा, बैलाची शिंगं नंतर. किंमत 3,200 रुपये, त्यामुळे विक्रेत्याला राग आला तरी चालेल.

आधी घाटाबद्दल, कारण पैसे त्याचेच आहेत. संगमनेरजवळच्या जोर्व्याला 1950-51 मध्ये उत्खनन झालं, तिथल्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांचं हे रूप. काळ साधारण इ.स.पू. 1400 ते 700. लाल अंगावर काळ्या रेघा, फाकलेलं तोंड, धारदार कड असलेला खांदा आणि त्यातून निघालेली नळीसारखी तोटी. पाय मात्र पुणे जिल्ह्यातल्या, याच संस्कृतीच्या इनामगावच्या उत्खननातले वाटतात. तिथे दफनाचा चार पायांचा रांजण सापडला होता. कुंभारणीने तो घाट पाण्याच्या झारीला लावलाय, पाहुण्यांना सांगायची गरज नाही. चाराचे तीन केले हे बाकी शहाणपण. भट्टीत माती थोडी वाकतेच, चार पाय असले की एक अधांतरी राहून भांडं डुगडुगतं. तीन पाय कुठेही टेकतात.

तोटी शोभेची असेल असं वाटलं होतं. तसं अजिबात नाही. धार तोडली की पाणी तिथेच तुटतं, खाली ओघळ नाही. कारण तोटीच्या टोकाची कड पातळ, टोकदार ठेवलीय आणि तिच्यावर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, चढवलेलं नाही. कड गोल असली, ग्लेझ जाड बसलं, की हळू ओतताना पाणी कडेला चिकटून खालच्या अंगाने वळतं. महागड्या किटल्यांचं घोडं इथेच पेंड खातं. ही झारी त्या बाबतीत पैकीच्या पैकी. स्ट्रॉ धुवायचा बारीक ब्रश तोटीत आरपार जातो.

क्षमतेत मात्र चलाखी आहे. चिठ्ठीवर 1 लिटर. पण तोटीचं टोक तोंडाच्या कडेपेक्षा दोन बोटं खाली आहे, त्यामुळे त्या पातळीच्या वर पाणी भरलं की तोटीतून ओट्यावर. मोजून 720 मि.ली. राहतं. लिटरचे पैसे घेऊन पाऊण लिटरसुद्धा नाही.

आता मुख्य तक्रार. टेबलावर प्रत्येक पायाखाली ओलसर गोल उमटायचा. विक्रेत्याचा निरोप आला, 'स्टोनवेअरला (म्हणजे कडक भाजलेल्या मातीला) घाम येतोच हो.' ठाण्याच्या मे महिन्यात फ्रिजचं पाणी भरलं तर बाहेरून दव धरणारच, त्यात वाद नाही. पण साधं पाणी भरून, अंग कोरडं पुसून झारी वर्तमानपत्रावर ठेवली तरी सकाळी कागद ओला. म्हणजे घाम नाही. मग संशय मातीवर गेला, भट्टी कमी लागली असणार, अंगातून पाझरतंय. तोही चुकीचा निघाला. झारी रिकामी ठेवली तरी गोल उमटत होते, आणि पोट कोरडं, पायच ओले.

खरं कारण गुडघ्यामागची सुईएवढी भोकं. पाय पोकळ आहेत, ते बरोबरच. भरीव जाड पाय आतून नीट वाळत नाही, भट्टीत वाफ कोंडून फुटतो. पोकळ ठेवला तर आतली हवा आणि वाफ बाहेर जायला भोक लागतं. पण ते तळव्याला हवं. गुडघ्यात ठेवल्यामुळे आत गेलेलं पाणी भोकाच्या खाली अडकतं, धड निथळत नाही आणि मग हळूहळू पायाखाली ओल धरतं. आत जातं कसं, तर गरम पाण्याने धुताना पायातली हवा फुगून बाहेर पडते, लगेच गार पाण्याखाली धरलं की ती आकसते आणि भोकातून पाणी ओढून घेते. 30 अंशांवरून 60 वर हवा सुमारे दहा टक्के फुगते. तिन्ही पायांत मिळून 120 मि.ली. जागा धरली तर एका धुण्यात 12 मि.ली.पर्यंत पाणी आत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडी झारी 1,180 ग्रॅम, तशीच धुवून पुसल्यावर 1,189. पावसाळ्यात ते पाणी वाळत नाही आणि पायांना कुबट वास येतो. घोडबंदर रोडच्या टँकरच्या पाण्यात क्षार, त्यामुळे प्रत्येक भोकाभोवती पांढरं कडं धरलंय. विक्रेत्याला त्याचाच फोटो पाठवला. उत्तर आलं, 'हाताने बनवलेलं आहे, थोडं चालायचंच.' दुरुस्तीला पाठवायची तर जाण्यायेण्याचं कुरिअर आपल्या खिशातून.

म्हणून घरीच उपाय. झारी आडवी, भोकं खाली येतील अशी, कडक उन्हात ठेवायची. रोज संध्याकाळी वजन करायचं, दोन दिवस आकडा हलला नाही की पाय कोरडे समजायचे. मग मधमाशीचं मेण वितळवून काडीने भोकात थेंब सोडायचा, गार झाल्यावर वरचं नखाने खरवडायचं. भोक बाहेरच्या अंगाला आहे, पिण्याच्या पाण्याशी संबंध येत नाही. ओल असताना बुजवू नका, वास कायमचा कोंडेल. मेण साधारण 62 अंशांना वितळतं, तेव्हा पुढे धुणं कोमट पाण्यानेच. भोकं बुजवल्यावर मायक्रोवेव्ह किंवा ओव्हनमध्ये चुकूनही नाही, मेण वितळून भोकं पुन्हा उघडतील. पांढऱ्या कड्यावर लिंबाची फोड घासा आणि स्वच्छ धुवा, पण हे मेण भरल्यावर.

मेण भरल्यापासून कागद कोरडा आहे. तोटीसाठी चार तारे दिले असते, क्षमतेसाठी एक कापला, आणि 'घाम' म्हणून टोलवल्याबद्दल आणखी एक. तळव्याला भोकं असलेली याच घाटाची झारी कोणी 2,500 ला देत असेल तर दुसरी घ्यायची तयारी आहे.