आजोबांचा 1945 चा रंगूनचा फोटो नीट करून दिला, पाचही स्टार

मडगावला मार्केटच्या मागच्या गल्लीत एक छोटासा फोटो स्टुडिओ आहे, तिथे आजोबांचा जुना फोटो नीट करून घेतला. आजोबा पेडण्याचे, ब्रह्मदेशात सरकारी क्लार्क होते. मार्च 1942 ला जपान्यांनी रंगून घेतलं आणि आजोबा बाकीच्या हजारो लोकांसारखे तामूच्या वाटेनं चालत मणिपूरला उतरले, वाटेत मेलेली माणसं बघितली ती शेवटपर्यंत त्यांच्या बोलण्यात यायची. गव्हर्नर सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ मे महिन्यात मिचिनाहून विमानानं निघाले, आणि मग तीन वर्षांच्या वर ब्रह्मदेशाचं सरकार चाललं ते सिमल्याहून. आजोबांना तिथेच परत काम मिळालं. 16 ऑक्टोबर 1945 ला गव्हर्नर रंगूनला परत आले, तेव्हाचा हा फोटो, पुढे सलामी चाललीय आणि मागे ऑफिसच्या लोकांची रांग, त्यात आजोबा.

आमच्या पावसात फ्रेमला बुरशी आली, फोटो काचेला चिकटला. आधी दुसऱ्या एका दुकानात दिला होता तर त्यांनी एआयवर टाकून रंगीत केला, गव्हर्नरचा कोट लालभडक आणि आजोबांच्या जागी कोणीतरी गुळगुळीत तोंडाचा परका माणूस. बाबांनी बघितला आणि काही न बोलता उलटा करून ठेवला. मला फार लागलं ते.

इथल्या स्टुडिओवाल्यांनी फोटोला आधी हातच लावला नाही, भिंगातून बघत बसले. काच ओढली तर चेहरे काचेवरच राहतील म्हणाले आणि काचेसकट स्कॅन केला. डाग काढले, चिरा बुजवल्या. रंग भरायला मात्र सरळ नाही म्हणाले, कपडे कुठल्या रंगाचे होते ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही, मग कशाला. आजोबांचा अर्धा गाल बुरशीनं गेलाय, तोही त्यांनी मनानं काढला नाही, तेवढी जागा फिकट करून सोडली. हे मला सगळ्यात आवडलं.

दोन आठवडे सांगितले होते पण चोवीस दिवस लागले, फोन करावे लागतात. 1800 रुपयात दोन मॅट प्रिंट आणि पेनड्राइव्हवर फाइल, महाग नाही. स्कूटरच न्या, गाडी लावायला जागा नाही.

चवथीला पेडण्याच्या घरी चौकात लावला. ते गव्हर्नर 1946 मध्येच ब्रह्मदेश सोडून गेले, 4 जानेवारी 1948 ला देश स्वतंत्र झाला, त्यांच्याबद्दल घरात कोणी विचारलंही नाही, पोरं मागच्या रांगेतच शोधत होती. बाबांनी एका डोळ्यावरून आणि टोपी तिरकी घालायच्या सवयीवरून लगेच बोट ठेवलं, "हे आमचे बाबा."