पाण्याने लिहायच्या कापडावर चिनी सुलेखन : एका सरावसंचाविषयी

चिनी सुलेखनाचे पहिले धडे गिरवताना शाई, कागद आणि दगडी दौत असा पसारा रोज मांडावा लागू नये, म्हणून मी पाण्याने लिहायच्या कापडाचा एक सरावसंच घेतला आणि गेले तीन महिने रोज अर्धा तास वापरला. संचात चौकटी छापलेले कापड, एक कुंचला, उथळ वाटी आणि मूळ फटकाऱ्यांची पुस्तिका आहे. ओल्या कुंचल्याने लिहिले की अक्षर काळे उमटते आणि पाणी वाळले की काही मिनिटांत कापड पुन्हा कोरे होते.

पुस्तिकेची मांडणी ‘योंग’ या अक्षराभोवती केलेली आहे आणि ती परंपरेला धरून आहे. ‘योंग’ म्हणजे चिरंतन. इसवी सन ३५३मध्ये चिनी सुलेखनकार वांग शीझी यांनी एका कवितासंग्रहासाठी लिहिलेल्या विख्यात प्रस्तावनेचे पहिले अक्षर हेच आहे. ते पाच रेघांत लिहिले जात असले, तरी टिंब, आडवी, उभी, आकडा, वर चढणारी रेघ, डावीकडे उतरणाऱ्या दोन आणि उजवीकडे उतरणारी एक असे आठही मूळ फटकारे त्यात येतात.

या संचाचा खरा उपयोग मला आडव्या रेघेने पटवला. ही रेघ डावीकडून उजवीकडे जाते, पण कुंचला टेकवताना तो आधी किंचित डावीकडे न्यायचा, टोक रेघेच्या पोटात दडवायचे, क्षणभर दाबून मग उजवीकडे वळायचे, मध्यावर दाब हलका करायचा आणि शेवटी थांबून, दाबून, टोक आल्या वाटेने थोडे मागे घ्यायचे, एवढे सगळे त्या एका रेघेत असते. शिरोरेषा एका झटक्यात ओढण्याची सवय असलेल्या माझ्या हाताला हे थांबणे शिकायला दोन आठवडे लागले. कागद वाया जाण्याची धास्ती नसल्यामुळेच मी तीच रेघ शेकडो वेळा ओढू शकलो. उजवीकडे उतरणाऱ्या फटकाऱ्यातही बारीक सुरुवात, हळूहळू वाढत जाणारा दाब, पायाशी थांबणे आणि मग टोक उचलत बाहेर पडणे हा सगळा क्रम रेघेच्या जाडीतून लगेच दिसतो.

मात्र शाईचा अंदाज हे कापड शिकवत नाही. त्यावर कुंचला रेंगाळला तरी फारसे बिघडत नाही. ‘श्वान’ (Xuan) या सुलेखनाच्या पातळ, शाई शोषणाऱ्या चिनी कागदावर तेवढ्याच रेंगाळण्याने शाई पसरते आणि रेघेची कड फुटते. शिवाय लिहिलेले नाहीसे होत असल्याने कालची रेघ आजच्या रेघेशेजारी ठेवून पाहता येत नाही. मी रोज शेवटच्या ओळीचे छायाचित्र काढू लागलो, तेव्हा कुठे माझ्या चुका मला दिसू लागल्या.

कुंचल्याबाबत मी समाधानी नाही. तो निव्वळ बकरीच्या केसांचा आणि लांब आहे, त्यामुळे दाबल्यावर टोक लवकर सावरत नाही. नवशिक्याला बकरीचे आणि विझल या प्राण्याचे केस मिसळलेला, थोडा ताठ कुंचला अधिक सोयीचा पडला असता. पुस्तिकेतील बाण रेघांचा क्रम सांगतात, पण दाब कुठे वाढवायचा आणि कुठे उचलायचा, हे सांगत नाहीत. नमुना अक्षरेही छापील वळणाची आहेत. त्यांच्या जागी ओयांग शून किंवा यान झेनचिंग या जुन्या चिनी सुलेखनकारांच्या शिलालेखांच्या ठशांतील अक्षरे असती, तर पुस्तिकेचे मोल कितीतरी वाढले असते.

तरीही पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी हा संच मी निःशंकपणे सुचवीन. मात्र पहिल्या महिन्यानंतर आठवड्यातून एकदा तरी शाई आणि कागद घेऊन बसावे. शाईसाठी कुंचला वेगळा ठेवावा, कारण केसांत उरलेली थोडीशी शाईसुद्धा कापडावर कायमचा डाग पाडते. पुस्तिका धुतलेला कुंचला टोक वर करून उभा ठेवायला सांगते, ते ऐकू नये: पाणी केसांच्या मुळाशी उतरून तिथला डिंक सैल होतो. तो टोक खाली करून टांगूनच वाळवावा.