नऊ महिने, 3,200 किलोमीटर: नाशिकच्या शिवारातील ग्रॅव्हल सायकल

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस मी ही ग्रॅव्हल सायकल, म्हणजे रोड बाइकसारखी पण रुंद टायरची आणि कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेली सायकल, घेतली आणि आज, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, तिच्यावर 3,200 किलोमीटरची नोंद झाली आहे. त्यापैकी निम्म्याहून अधिक अंतर मुरूम, खडी आणि माती यांवर गेले, कारण सायकल घेण्यामागचा हेतूच तो होता. त्याआधी सहा वर्षे माझ्याकडे पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, होती. तिच्यावरून गंगापूर धरणापलीकडे जायचे म्हणजे पहिले पंधरा किलोमीटर डांबरावर धापा टाकत जाण्यातच सकाळ संपत असे. रोड बाइकवर डांबर संपले की माघारी फिरावे लागते. नाशिकचे वैशिष्ट्य असे, की शहराबाहेर तासाभराच्या अंतरात गोदावरीचे खोरे, द्राक्षबागा आणि सागाचे डोंगर हे तिन्ही लागतात आणि त्यांना जोडणारे रस्ते धड डांबरी नसतात, धड डोंगरीही नसतात.

सायकलची माहिती थोडक्यात देतो. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा पुढचा फोर्क, केबलने चालणारे डिस्क ब्रेक, पुढे 50 आणि 34 दात्यांच्या दोन चकत्या, मागे 11 ते 34 दात्यांची नऊ गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) आणि 38 मिलिमीटरचे ट्यूबचे टायर. किंमत 92,000 रुपये. हँडलबार रोड बाइकसारखा खाली वळलेला असला, तरी त्याची टोके बाहेरच्या बाजूस झुकलेली आहेत आणि खडबडीत उतारावर हात तिथे ठेवला की सायकल चांगली ताब्यात राहते. हे मला जाहिरातीतले कौतुक वाटले होते. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात ते पटले.

सर्वांत अधिक समाधान या सायकलीने दिले ते पाटाच्या रस्त्यावर. मखमलाबादच्या बाजूने जाणारा गंगापूर डावा कालवा असो की पालखेडचा कालवा, त्यांच्या कडेने देखभालीसाठी मुरमाचा रस्ता असतो, त्यावर वाहने तुरळक असतात आणि पाणी उताराने न्यायचे असल्यामुळे चढ जवळजवळ नसतो. आवर्तन सुटलेले असताना एका बाजूला भरून वाहणारे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली पसरलेल्या बागा, अशा वाटेने ताशी 22 ते 24 किलोमीटरच्या वेगाने सलग तासभर चालवता येते. हाच वेग एमटीबीवर ठेवताना माझी दमछाक होई आणि रोड बाइकवर मनगटे सुन्न पडत. मात्र हे रस्ते सर्वत्र अखंड नाहीत. कुठे चारीसाठी रस्ता तोडलेला असतो, कुठे बाभूळ वाढून वाट बुजलेली असते आणि कुठे एखाद्या शेतकऱ्याने जनावरांसाठी तार ओढलेली असते, जी सकाळच्या तिरप्या उन्हात दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. एकदा त्या तारेने मला जमिनीवर आणले. तेव्हापासून अनोळखी पाटावर मी पहिली फेरी सावकाश मारतो. याच खोऱ्याने खाली निफाडकडे गेले की गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर लागते. जगभरातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेले हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ आहे आणि हिवाळ्यात तिथे पक्षी पाहायला जाण्यासाठी सायकलीइतके शांत वाहन दुसरे नाही.

द्राक्षबागांमधून सायकल चालवण्याचे जे चित्र परदेशी छायाचित्रांतून आपल्यापुढे येते, ते इथे जसेच्या तसे लागू होत नाही. 2023 ची ग्रॅव्हलची जागतिक स्पर्धा इटलीतल्या प्रोसेक्को वाइनच्या टेकड्यांमधून गेली आणि त्या वाटा पाहून मलाही मोह झाला होता. परंतु दिंडोरी किंवा गिरणारेच्या बागा उतारावरच्या उघड्या रांगा नव्हेत. खाण्याच्या द्राक्षांच्या बहुतेक बागा मांडवावर किंवा वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर असतात, त्यांना कुंपण असते आणि आतली वाट ट्रॅक्टरपुरतीच असते. सायकलस्वाराच्या वाट्याला येतात ते दोन बागांमधले शिवार रस्ते, आणि तेही माझ्या मते पुरेसे आहेत. बागेत शिरायचे असेल तर मालकाला विचारावे. आजवर मला कोणी नाही म्हटलेले नाही, एक अपवाद सोडून. ऑक्टोबरात गोडी छाटणीनंतर बागा फुटू लागतात आणि डाऊनी व भुरी या बुरशीच्या रोगांच्या भीतीने फवारण्यांचे सत्र सुरू होते. अशाच एका सकाळी मोहाडीजवळच्या बागेत ब्लोअर, म्हणजे फवारणीचे यंत्र, चालू असताना मी बांधावर थांबलो, तेव्हा बागवानाने लांबूनच हात केला आणि म्हणाला, "भाऊ, आज नका येऊ इकडं, वाऱ्याच्या खाली उभे आहात तुम्ही." अंगावर आलेल्या बारीक तुषारांचा निळसर थर घरी गेल्यावर फ्रेमवर दिसला, तो बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचा होता. तेव्हापासून नोव्हेंबर आणि डिसेंबरात बागांच्या भागात गेलो की आधी वारा कुठून वाहतो ते पाहतो आणि ब्लोअरचा आवाज आला की वाट बदलतो.

फेब्रुवारी आणि मार्च हे बागांमधले सर्वोत्तम महिने, तरी सायकलीच्या दृष्टीने सर्वांत गर्दीचेही तेच. माल काढणीला आला की क्रेट भरलेल्या पिकअप गाड्या अरुंद शिवार रस्त्यांवरून वेगाने जातात आणि त्यांच्यामागे धुळीचा जो लोट उठतो, त्याने साखळीचे तेल पंधरा किलोमीटरांत काळे होते. ओले तेल वापरणे मी त्याच काळात थांबवले. मेणाचे द्रव वंगण साखळीला लावून रात्रभर सुकू दिले, तर धूळ बरीच कमी चिकटते. दर 150 किलोमीटरला ते पुन्हा लावावे लागते, पण साखळी 2,400 किलोमीटरपर्यंत टिकली, हे या मुलखात वाईट म्हणता येणार नाही.

आता काट्यांविषयी, कारण या भागात सायकल चालवणाऱ्याने दुसरे काही वाचले नाही तरी चालेल. बागेची कुंपणे बाभळीच्या फांद्यांची असतात आणि त्या तुटून रस्त्यावर पडतात. मूळच्या ट्यूबच्या टायरवर पहिल्या 400 किलोमीटरांत मला सात पंक्चर झाले, त्यांपैकी तीन एकाच सकाळी. नोव्हेंबरात मी 42 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर बसवले, त्यात सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, भरले आणि त्यानंतरच्या जवळपास 2,800 किलोमीटरांत फक्त एकदा रस्त्यात थांबावे लागले. तेही काट्यामुळे नव्हे, तर द्राक्षबागेतल्या तारेच्या तुटक्या तुकड्याने बाजूची भिंत चिरल्यामुळे. काटा शिरला की तो लगेच उपटू नये, चाक फिरवून सीलंट तिथे येऊ द्यावे. उन्हाळ्यात मात्र हे सीलंट फार लवकर सुकते. सूचनेत सहा महिने लिहिलेले असले, तरी एप्रिलमध्ये व्हॉल्व्ह काढून पाहिले तेव्हा दहा आठवड्यांपूर्वी भरलेल्या सीलंटचा रबरी चोथा झाला होता. हवेचा दाब माझ्या 72 किलो वजनाला मुरमावर पुढे 30 आणि मागे 34 पीएसआय योग्य वाटतो. या दोन आकड्यांनी सायकलीत जेवढा फरक पडला, तेवढा कार्बनच्या फोर्कने पडला असेल असे मला वाटत नाही.

गिअरविषयी माझी खरी तक्रार आहे. गिरणारेहून हरसूलकडे जाताना वाघेऱ्याचा घाट लागतो. घाटाच्या अलीकडचे पाणी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते, पलीकडचे दमणगंगेच्या खोऱ्यातून पश्चिमेला. घाट डांबरी आहे, जड नाही. पण पलीकडे उतरून पाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांवर सुट्या खडीचे जे चढ आहेत, तिथे 34 ला 34 (पुढे 34 आणि मागे 34 दाते) हा सर्वांत हलका गिअर पुरत नाही. हिशोब साधा आहे. या गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 2.2 मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी आठ किलोमीटरचा वेग ठेवावाच लागतो. त्या चढावर माझा वेग सहा असतो. मग पाय अडखळत पडतात, जोर झटक्याने लागतो, मागचे चाक खडीवर घसरते आणि उतरून ढकलावे लागते. जानेवारीत मी पुढची चकत्यांची जोडी बदलून 46 आणि 30 दात्यांची बसवून घेतली, ज्यासाठी पुढचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, खाली सरकवावा लागला. मजुरीसह साडेसहा हजार खर्च आला. आता तोच चढ मी बसूनच पार करतो. डांबरी उतारावर पायडल लवकर हलके पडतात, पण उतारावर पायडल मारण्याची हौस मला नाही. हातात आलेल्या सायकलीला ग्रॅव्हल म्हणायचे आणि गिअर मात्र रोड बाइकचे द्यायचे, ही काटकसर कंपन्या का करतात हे उघड आहे, पण ती सह्याद्रीत चालत नाही.

हरसूल आणि पेठच्या बाजूचा सागाचा आणि ऐनाचा पट्टा मी हिवाळ्यात पाहिला आणि पुन्हा मार्चअखेरीस, पानगळीनंतर. या दुसऱ्या वेळी वाळलेली सागाची मोठी पाने वाटेवर इतकी साचलेली होती, की खालचे दगड दिसतच नव्हते. अशा वेळी रुंद टायरही वाचवत नाही, फक्त हळू चालणे वाचवते. एका पाड्यावर पाणी मागितले तेव्हा आजींनी नागलीची भाकरीही पुढे केली आणि आपला मुलगा दिंडोरीला बागेत टोळीबरोबर कामाला आहे असे सांगितले. ज्या बागांच्या कडेने मी मौजेने हिंडतो, त्यांची छाटणी आणि विरळणी करणारे पुष्कळ हात याच डोंगरांतून येतात, हे तेव्हा नीट ध्यानात आले. जंगलाच्या आणि उसाच्या कडेने पहाटे अंधारात जाणे मी टाळतो. नाशिक परिसरात बिबटे आहेत आणि वाकून चाललेला सायकलस्वार त्यांना कसा दिसेल, याचा प्रयोग करण्याची इच्छा नाही.

ब्रेकविषयी मत मिश्र आहे. केबलचे डिस्क ब्रेक रस्त्यात स्वतः दुरुस्त करता येतात, ही मोठी सोय. परंतु त्यांपैकी बहुतेकांत एकच पॅड सरकतो आणि मुरमाच्या धुळीत तो झपाट्याने झिजतो. पहिली जोडी 1,100 किलोमीटरांत संपली. नंतर रेझिनऐवजी धातूचे पॅड घातले; ते कर्कश वाजतात, पण टिकतात.

1,900 किलोमीटरनंतर पायडलच्या मधल्या बेअरिंगमधून कुरकुर सुरू झाली. जिथून सायकल घेतली त्या दुकानाने हमीच्या काळातही "धुळीत चालवल्यामुळे" असे कारण देऊन हात झटकले. खडीच्या रस्त्यासाठी म्हणून विकलेल्या सायकलीबाबत हे उत्तर ऐकून मी काही क्षण निरुत्तर झालो. अखेरीस दुसरीकडे बेअरिंग बदलून घेतले.

राहिला पाऊस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक मोठी सर झाल्यावर मी निफाडच्या बाजूला, काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर शिरलो. दोनशे मीटरही झाले नसतील, तोच माती टायरला आणि टायरची माती फ्रेमला अशी चिकटली, की चाक फिरेनासे झाले. 42 मिलिमीटरचा टायर घातल्यावर फ्रेमशी दोन्ही बाजूंना जेमतेम चार मिलिमीटर जागा उरते आणि आपली काळी माती ओली झाली की फुगते व चिकट होते. तिला तेवढी जागा काहीच नाही. काडीने माती खरवडत, सायकल खांद्यावर घेऊन मी डांबरापर्यंत आलो. हाच पाऊस मुरमावर पडला तर दोन तासांत वाट चालण्याजोगी होते, म्हणून पावसाळ्यात माती पाहूनच वाट निवडावी लागते. नवीन सायकल घेणाऱ्याने फ्रेममध्ये 45 मिलिमीटरचा टायर बसून वर मोकळी जागा राहते का, हे दुकानात मोजून पाहावे. रंग आणि वजन यांची चौकशी नंतर करावी.

टायर, चकत्या, पॅड, बेअरिंग आणि साखळी मिळून या नऊ महिन्यांत मूळ किमतीवर 21,000 रुपये खर्च झाले. सध्या 42 चे टायर काढून भिंतीला टांगले आहेत, चाकांवर जुने 38 चे चढवले आहेत आणि मातीला जागा राहावी म्हणून मडगार्ड लावलेले नाहीत. रविवारी पाऊस उघडला तर त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत, डांबर न सोडता, जाऊन येण्याचा विचार आहे.